पडद्यामागील संदेशवहन आणि दुतर्फा बिनतारी संचांची निवड

संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नेपथ्याकडे वळून नटीला हाक मारतो. ‘अभिज्ञानशाकुंतला’त तर तो, वेषभूषेचे काम आटोपले असल्यास इकडे यावे, अशी विनंती करतो. हा संकेत आपल्या इतका परिचयाचा आहे की, त्यातील व्यावहारिक अर्थाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हाक मारणाऱ्याला पलीकडचा माणूस दिसत नाही. त्याची तयारी झाली आहे किंवा नाही हे विचारावे लागते. आणि तयारीची खात्री पटल्यावाचून पुढचे कार्य सुरू करता येत नाही. न दिसणारा सहकारी, तयारीची विचारणा आणि योग्य क्षणी दिलेली आज्ञा ही तीन अंगे मिळून पडद्यामागील संदेशवहन होते. आपल्या नाट्यगृहातील तिसऱ्या घंटेनंतर आजही नेमके हेच चालते. पालटली आहेत ती साधने.

अलीकडे हौशी नाट्यसंस्था, विद्यापीठांतील नाट्यविभाग आणि ग्रामीण भागातील उत्सवमंडळे या साधनांत ‘वॉकी-टॉकी’चा, म्हणजे दुतर्फा बिनतारी संचाचा, समावेश करू लागली आहेत. ‘कोणता संच घ्यावा?’ असा प्रश्न आला म्हणजे त्याचे उत्तर बहुधा वॅट आणि किलोमीटर यांच्या भाषेत दिले जाते. प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते असे की, हा विचाराचा क्रमच उलटा आहे. रंगमंचावर संचाने वाहून न्यावयाचे असते ते एक वाक्य. ते वाक्य कोणते, ते कोणी कोणाला सांगावयाचे आणि ते अर्धवट ऐकू आल्यास काय अनर्थ ओढवेल, हे आधी ठरले पाहिजे. यंत्राची निवड त्यानंतरची होय. हा केवळ तात्त्विक आग्रह नव्हे. वरून उतरणाऱ्या चौकटीखाली किंवा फिरू लागलेल्या मंचाच्या कडेवर जो कामगार उभा असतो, त्याचे हातपाय या वाक्यावर अवलंबून असतात.

कार्याचे स्वरूप

१९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकात फिरत्या रंगमंचाचा उपयोग करण्यात आला. न्यायालय आणि पूर्वघटनांची स्थळे यांची अदलाबदल त्या मंचामुळे झपाट्याने होऊ शकली. प्रेक्षकांना दिसली ती गती. परंतु त्या गतीच्या मागे मंच फिरविणारा, प्रकाश मालविणारा आणि वेष पालटून उभा राहणारा नट या तिघांनी एकाच क्षणी सिद्ध असणे अवश्य होते. बंदिस्त नाट्यगृहात ही माणसे परस्परांपासून काही पावलांवर असतात. १९८५ मध्ये सुरू झालेल्या बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ या महानाट्यात मात्र मोकळे मैदान, मोठा पात्रसमूह आणि हत्ती-घोडे यांची भर पडली. तेथे ‘पडद्यामागे’ म्हणजे एक खोली नसून एक विस्तीर्ण आवार असते.

या मैदानी प्रयोगपद्धतीचे अधिक जुने रूप ठाणे व पालघर जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात आढळते. जव्हार-मोखाड्याकडे आणि शहापूर तालुक्यातही आदिवासी व इतर ग्रामस्थांत प्रचलित असलेल्या बोहाड्यात देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर एकामागून एक येतात. सोंग सजते एका ठिकाणी आणि नाचते दुसऱ्या ठिकाणी. सोंगाबरोबर संबळ व सनई चालते, आणि वाद्याची चाल पालटली की कोणते सोंग येत आहे हे जाणकाराला कळते. म्हणजे संबळ हे येथे नुसते साथीचे वाद्य राहत नाही. ते संदेशाचेही साधन होते. त्याची मर्यादाही उघड आहे. वाद्य सर्वांनाच ऐकू जाते. गुप्त सूचना त्यातून देता येत नाही. शिवाय ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने शंभर मीटरांवरील माणसाला ठोका सेकंदाच्या तीनदशांशाइतका उशिरा पोहोचतो.

शहापूरच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याकडील उंचसखल प्रदेशात असलेले डोळखांब हे गाव या विवेचनासाठी समोर ठेवणे सोयीचे आहे. तेथे किंवा शेजारच्या मुरबाड तालुक्यात एखादा प्रयोग करावयाचा तर तो बहुधा मोकळ्या पटांगणात होणार. रंगपट शाळेच्या खोलीत असणार. विजेसाठी जनरेटर दूर ठेवावा लागणार. आणि सोंगे अथवा पात्रे प्रेक्षकांच्या मधून येणार. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेसारखा प्रसंग असेल तर त्यात गर्दीची आणि ध्वनिक्षेपकांच्या कोलाहलाचीही भर पडते. शहरातील नाट्यगृहासाठी लिहिलेले नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

तार की बिनतारी?

पहिला निर्णय संचाचा नसून, संच हवा की नको हा आहे. ज्याची जागा प्रयोगभर पालटत नाही, त्याच्यासाठी तारेचे साधन श्रेष्ठ होय. नाट्यगृहात वापरली जाणारी तारेची संभाषणयंत्रणा, म्हणजे ज्याला रंगकर्मी ‘हेडसेट’ म्हणतात ती, या कामासाठीच विकसित झाली. तिच्या प्रसारात १९६८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या क्लिअर-कॉम या संस्थेचा मोठा वाटा आहे. अशा यंत्रणेत सर्वजण एकाच वेळी बोलू व ऐकू शकतात, बटण दाबून वाट पाहावी लागत नाही आणि शेजारच्या मंडपातील संभाषण तीत शिरत नाही. त्याहूनही स्वस्त साधन म्हणजे संकेतदिवा: तांबडा लागला की तयार राहावे, हिरवा लागला की कृती करावी. दिव्याला आवाज नसतो आणि त्याचा उच्चार चुकत नाही. वजनदार वस्तू हलविणाऱ्या माणसाजवळ, तो कितीही उत्तम बिनतारी संच बाळगत असला तरी, असा दिवा असणे हितावह आहे.

भ्रमणध्वनीचा उपाय पुष्कळांना सुचतो; पण जोडणी होण्यास लागणारे सेकंद, यात्रेच्या गर्दीत अडकणारे जाळे आणि दरीखोऱ्यांतील दुर्बल संकेत यांमुळे तो विश्वसनीय ठरत नाही. म्हणून बिनतारी संचाचे खरे क्षेत्र एवढेच उरते: ज्याचे पाय चालते असले पाहिजेत आणि ज्याच्यापर्यंत तार नेता येत नाही, असा माणूस. या कसोटीने यादी केली म्हणजे दहा संचांची मागणी बहुधा चार-पाचांवर येते.

शक्ती आणि अंतर

जाहिरातींत संचाचा पल्ला किलोमीटरांत दिलेला असतो. दोन्ही माणसांनी संच जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरला तर सपाट भूमीवर बिनतारी क्षितिज सुमारे दहा किलोमीटर येते. त्यापलीकडील आकडा डोंगरमाथ्यावरूनच खरा ठरू शकतो. रंगमंचाला तर तीनशे मीटरही पुष्कळ झाले.

या तीनशे मीटरांचा हिशेब करून पाहू. ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६७ सेंटिमीटर असते. मोकळ्या अवकाशात तीनशे मीटरांवर तिचा क्षय सुमारे ७५ डेसिबल होतो. अर्ध्या वॅटचे प्रक्षेपण म्हणजे एक मिलिवॅटच्या वर २७ डेसिबल. तेव्हा पलीकडे पोहोचणारा संकेत मिलिवॅटच्या खाली ४८ डेसिबल राहतो. चांगल्या संचाला मिलिवॅटच्या खाली सुमारे ११८ डेसिबल इतका क्षीण संकेतही समजतो. म्हणजे ७० डेसिबल, अर्थात एक कोटी पटींची, शिल्लक हाती राहते. ही शिल्लक भिंती, पत्र्याचे छप्पर, मधली गर्दी आणि कमरेला लावलेल्या संचावर पडणारी स्वतःच्या शरीराची छाया यांत खर्च होते, हे खरे; तरीही ती बहुधा पुरून उरते.

आता अर्ध्या वॅटऐवजी पाच वॅटचा संच घेतला तर काय साधते? शक्ती दहापट झाली तरी लाभ फक्त दहा डेसिबलचा. मोकळ्या अवकाशात पल्ला सुमारे तिप्पट होतो. जमिनीलगत, जेथे संकेत अंतराच्या चौथ्या घातानुसार घटतो असे धरतात, तेथे तो पावणेदोनपट होतो. याच्या मोबदल्यात विद्युत्‌घट लवकर संपतो आणि ध्वनियंत्रणेत गुरगुर उमटण्याची शक्यता वाढते. दोन ठिकाणांच्या मध्ये डोंगराची सोंड आली असेल तर पाच वॅटही पुष्कळदा निरुपयोगी ठरतात. संच एक मजला वर नेणे अथवा मध्ये माणूस उभा करणे अधिक फलदायी होते. पत्र्यांवरून परावर्तित झालेल्या लहरींमुळे एखाद्या जागी आवाज तुटत असेल, तर अर्धे पाऊल सरकल्यानेही तो परत येतो. कारण अशी मूक स्थाने अर्ध्या तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटरांच्या अंतराने येत असतात.

वाक्याची परीक्षा

शक्तीचा प्रश्न असा सुटल्यावर खरा प्रश्न समोर येतो तो भाषेचा. अरुंद पट्ट्याच्या बिनतारी संचातून वाणीचा साधारणतः ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच भाग जातो. स्वर आणि घोष व्यंजने यांना तो पुरतो. ‘स’सारख्या घर्षक ध्वनीची ऊर्जा मात्र मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते. म्हणून मूळचा ‘स’ पलीकडे अतिशय फिकट पोहोचतो, आणि सनई-ढोलांच्या गजरात तो अजिबात लोपतो.

आता आपल्या रंगमंचावरील दोन नेहमीच्या आज्ञा पाहा: ‘पडदा सोडा’ आणि ‘पडदा ओढा’. दोहोंतील स्वर तेच, शेवटचा वर्ण जवळपास तोच. भेद मुख्यतः आरंभीच्या ‘स’वर उभा. यंत्राने नेमका तोच वर्ण गाळला तर एक आज्ञा दुसरीसारखी ऐकू येते, आणि या दोन आज्ञांचे अर्थ परस्परविरुद्ध आहेत. संख्यांचीही तीच अवस्था आहे. ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ ही शांत खोलीत भिन्न असणारी नावे संचावर एकमेकांत मिसळतात. म्हणून संकेतक्रमांक सुटे अंक उच्चारून सांगावे, ‘एकोणसाठ’ न म्हणता ‘पाच-नऊ’ म्हणावे. आणि प्रयोगाच्या संहितेत सात व आठ हे क्रमांक एकाच कामगाराकडे लागोपाठ देण्याचे टाळावे.

दुसरा दोष बटणाचा. दुतर्फा संच एका वेळी एकाच दिशेने चालतो. बोलण्यासाठी बटण दाबावे लागते व ऐकण्यासाठी सोडावे लागते. बटण दाबताच बोलल्यास पहिले अक्षर गळते. वाक्य संपण्यापूर्वी अंगठा उचलल्यास शेवटचा शब्द गळतो. मराठीत नकार वाक्याच्या अखेरीस येतो. ‘सोडू नका’ या आज्ञेतील ‘नका’ तुटला की ऐकणाऱ्याच्या कानी ‘सोडू’ एवढेच पडते, आणि निषेधाची आज्ञा कृतीची आज्ञा होऊन बसते. घाईच्या क्षणीच अंगठा लवकर उचलला जातो, आणि निषेधाची गरजही त्याच क्षणी असते. तेव्हा बिनतारी संचावर नकारार्थी आज्ञा मुळीच देऊ नये, हा नियम मराठी रंगमंचाने स्वतःसाठी घालून घेतला पाहिजे.

त्याऐवजी तीन शब्द पुरेसे आहेत. तयारीसाठी ‘तयार’, कृतीसाठी ‘चला’ आणि निषेधासाठी ‘थांबा’. ‘चला’ व ‘थांबा’ यांतील मधले ध्वनी भिन्न आहेत आणि ‘थांबा’मधील अनुनासिक कोलाहलातही टिकतो. आज्ञेचा क्रम असा असावा: ‘दिवे, पाच-नऊ, तयार’, उलट उत्तर, ‘दिवे तयार’, आणि योग्य क्षणी, ‘दिवे, पाच-नऊ, चला’. क्रियापद शेवटी येणे ही आपल्या भाषेची सहजप्रवृत्ती येथे उपकारक ठरते. कारण कोणी, काय हे सर्व आधी कळलेले असते आणि कृतीचा क्षण एका अखेरच्या शब्दावर येऊन थांबतो. हा शब्द मात्र अन्य कोणत्याही प्रसंगी संचावर उच्चारू नये. ‘चला, जेवायला चला’ असे मध्यंतरात कोणी संचावर म्हणाले, तर त्याने सर्व व्यवस्थेचा पाया उखडला असे समजावे. तसेच ज्या कृतीत इजेचा संभव आहे, तीत उलट उत्तर ऐकू आल्यावाचून ‘चला’ म्हणू नये. मौनाचा अर्थ संमती नव्हे.

संचातील गुण कोणते पाहावे?

एवढा विचार झाल्यावर संचाची लक्षणे आपोआप ठरतात. पहिले, बटण मोठे, काठावर आणि अंधारात बोटाला सापडणारे असावे. दुसरे, एका कानात बसणारे श्रवणसाधन हवे. दुसरा कान संगीतासाठी आणि धोक्याच्या हाकेसाठी मोकळा राहिला पाहिजे. उघड्या ध्वनिक्षेपकाचा संच प्रेक्षकांना नेपथ्यातील संभाषण ऐकवील. तिसरे, आवाजाने आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता आली पाहिजे. अन्यथा पहिल्याच संबळाच्या ठोक्याला संच बोलू लागेल आणि सर्वांचा मार्ग अडवील. संभाषणाच्या अखेरीस वाजणारी किणकिणही बंद करता यावी.

चौथे, ‘खासगी संकेत’ या नावाने जी सोय विकली जाते तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. तीत वाणीच्या खाली एक मंद स्वर मिसळलेला असतो, आणि तो स्वर नसलेले संभाषण आपला संच ऐकवीत नाही, एवढेच. गुप्तता तीत नाही. दुसरा गट त्याच वाहिनीवर असेल तर टक्कर व्हावयाची ती होतेच. फक्त ती आपल्याला आधी ऐकू येत नाही. म्हणून प्रयोगाआधी ही सोय बंद ठेवून वाहिनी रिकामी आहे की नाही हे ऐकून पाहावे. पाचवे, अंकीय, म्हणजे डिजिटल, संचाचा आवाज स्वच्छ असला तरी वाणीचे अंकांत रूपांतर होऊन पुन्हा वाणी होईपर्यंत सेकंदाच्या काही दशांशांइतका विलंब लागू शकतो. जनरेटरवाल्याला सूचना देताना तो नगण्य आहे. तालाच्या समेवर दिवा लावताना नव्हे. शिवाय सदृश संचात आवाज हळूहळू खरखरत जाऊन माणसाला सावध करतो. अंकीय संचात तो सीमेपाशी एकदम तुटतो. सहावे, नटांच्या बिनतारी ध्वनिग्राहकांचे ग्राहक आणि ध्वनिमिश्रक यांच्यापासून संच काही मीटर दूर राहतील अशी मांडणी करावी. सातवे, रात्रभर चालणाऱ्या प्रयोगासाठी प्रत्येक संचामागे एक भरलेला जादा घट हवा. घट बदलता न येणारा संच बोहाड्याच्या उपयोगाचा नाही.

कायद्याची बाजू

आपल्या देशात बिनतारी संच बाळगणे हा १९३३ च्या कायद्यापासून परवान्याचा विषय राहिला आहे, आणि १९३३ चा तो कायदा मागे पडून २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला तरी मूळ तत्त्व पालटलेले नाही. मात्र २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्ती संचांना परवान्यातून सूट दिली. संचाच्या नमुन्याला शासकीय मान्यता असणे ही अट तीबरोबर आहे. ऑनलाइन बाजारात स्वस्तात मिळणारे, कोणत्याही वारंवारतेवर लावता येणारे पाच वॅटचे संच या सवलतीत बसत नाहीत. पोलीस, अग्निशमन यांसारख्या सेवांच्या वाहिन्यांवर ते अजाणता लागू शकतात. म्हणूनच २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. गावच्या मंडळाने चांगल्या हेतूने घेतलेल्या संचाची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते, विकणाऱ्याने काहीही सांगितले असले तरी. खरेदीपूर्वी वारंवारता आणि नमुना-मान्यता या दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. दोनशे किलोहर्ट्झच्या या पट्ट्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या सोळाच वाहिन्या मावतात; त्यामुळे यात्रेत वाहनतळावरील स्वयंसेवक, पाळणेवाले आणि आपण यांनी वाहिन्या आधी वाटून घेणे शहाणपणाचे आहे.

डोळखांबच्या पटांगणावर

समजा, डोळखांबच्या पटांगणावर असा प्रयोग करावयाचा आहे. व्यवस्थापक मंचाच्या कडेला आहे. प्रकाश व ध्वनी यांचे नियंत्रक समोर चाळीस मीटरांवर बसले आहेत. रंगपट दीडशे मीटरांवरील शाळेच्या खोलीत आहे. पात्रांच्या वाटेवर एक माणूस चालता आहे. जनरेटर तिसऱ्या दिशेला आहे. व्यवस्थापक, प्रकाश आणि ध्वनी ही तीन स्थिर स्थाने तारेने जोडावीत. व्यवस्थापक, रंगपट, वाट आणि जनरेटर यांना मिळून चार संच द्यावेत व पाचवा शिलकीत ठेवावा. प्रकाश व ध्वनी यांना बिनतारी संच देण्याचे कारण नाही.

त्यानंतर परीक्षा घ्यावी, आणि ती रिकाम्या पटांगणावर सकाळी घेऊन भागणार नाही. वाद्ये पूर्ण जोरात वाजत असताना प्रत्येक स्थानी वीस आज्ञा क्रम मोडून वाचाव्यात. ऐकणाऱ्याने त्या कागदावर लिहाव्यात. मग ताडून पाहावे. क्रमांकात एखादी चूक झाली तर क्रमांक बदलावा. ‘चला’ आणि ‘थांबा’ यांत एकही चूक झाली तर त्या स्थानासाठी तो संच नाकारावा, मग त्याची शक्ती कितीही असो. या चाचणीला कागद-पेन्सिलीवाचून दुसरे उपकरण लागत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या प्रयोगस्थळी ती घेऊन निकालांची नोंद ठेवली, तर गोंगाटात मराठीचे कोणते शब्द टिकतात याची एक उपयुक्त सूची सिद्ध होऊ शकेल. नाट्यशास्त्र, भाषाविज्ञान आणि भौतिकी या तिन्ही शाखांना त्या सूचीत आपापला भाग आढळेल.

बोहाड्यातील संबळवाल्याला वारंवारतेचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण कोणती चाल कशी वाजविली असता अंधारात, गर्दीत आणि अंतरावर ओळखू येईल, हे त्याने अनुभवाने निश्चित केले होते. त्याने आधी संकेत ठरविला आणि मग वाद्यावर हात टाकला. बिनतारी संच विकत घेणाऱ्यानेही हाच क्रम पाळावयाचा आहे.